मार्सेलिसची उडी, साठ नंबरची बस आणि अप्पा

तुमच्यापैकी किती जणांना ‘मार्सेय’ माहीत आहे? आणि ‘मार्सेलिस’? बघा, दुसऱ्या नावाला सगळे हात वर! शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकानं आपल्याला हे शहर दिलं ते एका बोटीसकट, एका गवाक्षासकट आणि एका उडीसकट. तिथे बीच आहे, फेरफटक्यासाठी भारी गल्ल्या आहेत, समुद्रकाठी बसून कॉफी प्यायला हजार जागा आहेत, हे कुणी सांगितलंच नाही. माझ्या वडिलांनीही नाही. आणि ते तर तेहतीस वर्षं तोच धडा शिकवत होते.

मी मूळची पहूरची. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका. ‘म्हणजे नेमकं कुठे?’ हा प्रश्न पुण्यातल्या ऑफिसात इतक्यांदा विचारला गेलाय, की माझं उत्तर पाठ आहे : जळगावहून अजिंठ्याला निघालात की मध्ये चहाला थांबता ना, ते आमचं गाव. लहानपणी फाट्यावर अजिंठ्याला जाणाऱ्या फॉरेनर लोकांच्या गाड्या थांबायच्या आणि आम्ही पोरं ‘हॅलो, वन पेन!’ करत मागे धावायचो. हातात जाडजूड गाईडबुक, डोक्यावर टोपी, नाकाला पांढरं क्रीम. आमच्या घरासमोरून जग बघायला लोक जायचे आणि आम्ही त्या लोकांना बघायचो.

आज मीच तशी टोपी घालून फिरते, हा नियतीचा गमतीदार न्याय! कंपनीनं सहा महिन्यांसाठी म्हणून ऑनसाइट पाठवलं, त्याची अडीच वर्षं झाली. मुक्काम लियोंला. आणि २०२५च्या मे महिन्यात अप्पा तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले. एकटेच. वहिनीचं बाळंतपण तोंडावर होतं, म्हणून आई काही हलली नाही. आईनं पाठवली ती मोठी बॅग : बिबड्या, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ आणि डब्याच्या तळाशी एक पाकीट. पाकिटात काय असणार? स्थळ. जामनेरचं, मुलगा इंजिनियर, पुण्यात फ्लॅट. मी ते पाकीट फ्रिजवर ठेवलं. माझ्याकडेही एक पाकीट होतं, लॅपटॉपच्या बॅगेत. लियोंच्या ऑफिसचं पर्मनंट काँट्रॅक्ट. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. दोघंही आपापलं पाकीट दडवून बसलेले!

अशा वेळी माणूस काय करतो? वीकएंड ट्रिप काढतो.

“अप्पा, कुठे जायचं? पॅरिस? आल्प्स?”

“मार्सेलिस,” अप्पा म्हणाले. जणू उत्तर तीस वर्षं तयारच होतं.

शुक्रवारची सुट्टी टाकली. लियोंहून टीजीव्हीनं पावणेदोन तासांत मार्सेय. सेंट चार्ल्स स्टेशनच्या बाहेर आलात की समोर एक प्रचंड जिना शहरात उतरतो. १०४ पायऱ्या. अप्पांनी मोजल्या. ते सगळंच मोजतात. मोजून झाल्यावर वर वळून बघितलं आणि म्हणाले, “आपल्या पी. जे.ला एकही पायरी नव्हती. पोरं चालत्या गाडीतून उतरायची.” पी. जे. म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज. ५६ किलोमीटरची चिमुकली लाइन, पहूर तिच्यावरचं एक स्टेशन. २०२० मध्ये ती गाडी बंद पडली आणि रूळ रुंद करायचं काम निघालं. अप्पा शिकायला पाचोऱ्याला गेले ते त्याच गाडीनं.

माझी टू-डू लिस्ट एकदम कडक होती. पहिला नंबर : व्ह्यू पोर्त, म्हणजे जुनं बंदर. इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दी इथे आले आणि मासालिया नावाची वसाहत थाटली. शहर सव्वीसशे वर्षांचं आणि आजही सकाळी त्याच बंदराच्या काठावर कोळी निळ्या टबांमधून ताजी मासळी विकतात. त्यांच्या बाजूलाच नॉर्मन फॉस्टरनं २०१३ मध्ये उभारलेलं आरशाचं छत. वर मान करून बघितलं की आपण उलटे दिसतो. मार्सेय २०१३ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हाची ही करामत. मी सेल्फी काढला. अप्पांनी आरशात बघून टोपी सरळ केली.

मग पानिये. जुन्या शहराची टेकडी, चढउताराच्या गल्ल्या, खिडक्यांमधून वाळत घातलेले कपडे, भिंतींवर ग्राफिटी, मधूनच एखादं साबणाचं दुकान. मार्सेयचा साबण जगात भारी : चौकोनी ठोकळा, त्यावर ‘७२ टक्के’ असा छाप. तेवढं तेल असलंच पाहिजे, हा जुना दंडक. अप्पांनी एक ठोकळा हातात घेतला, वजन केलं, किंमत विचारली आणि रुपयांत गुणाकार करून सन्मानानं परत ठेवला. (मी नंतर गुपचूप दोन घेतले. आईसाठी.) याच टेकडीच्या पायथ्याची अख्खी वस्ती १९४३ मध्ये जर्मनांनी लोकांना हाकलून सुरुंगांनी उडवली होती. हे मला माहीत नव्हतं. अप्पांना होतं. ते नवीन इमारतींकडे बोट दाखवून सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं, की या ट्रिपला गाईड मी नाहीये.

संध्याकाळी साठ नंबरच्या बसनं नोत्र दाम द ला गार्द. दीडशे मीटर उंच टेकडीवर १८६४ मध्ये पवित्र केलेलं चर्च, वर सोनेरी मुलामा दिलेली, अकरा मीटरहून उंच मेरी आणि कडेवर बाळ. मार्सेयचे लोक तिला ‘बॉन मेर’ म्हणतात, म्हणजे ‘चांगली आई’. आत गेलात की छताकडे बघा. दोऱ्यांना टांगलेल्या छोट्या छोट्या बोटी! वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या. भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या.

“नवस,” अप्पा हळूच म्हणाले. “आपल्याकडे पाळणे बांधतात, इथे बोटी.” मग बराच वेळ एका बोटीखाली उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “तू गेलीस तेव्हा तुझ्या आईनं सप्तशृंगीला बोलली होती. पोरगी सुखरूप परत आली की पायी येईन.”

‘परत.’ हा शब्द समोरच्या निळ्याशार समुद्रावर तरंगत राहिला. मी म्हटलं, “अप्पा, फोटो काढू?”

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. साधासुधा नाही, मिस्त्राल! रोनच्या खोऱ्यातून खाली येणारा थंड, कोरडा वारा. आकाश धुतल्यासारखं निळं आणि आपण मात्र उडून जायच्या बेतात. बेत होता शातो दीफच्या बेटाचा, जिथल्या किल्ल्यातल्या कोठडीत अलेक्झांडर द्यूमानं आपला ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ डांबला. पण समुद्र खवळला की बोटी बंद. माझं शेड्युल कोसळलं, माझा चेहरा पडला. अप्पा मात्र खूश. “चल, बाजार दाखव.”

नोआयचा बाजार म्हणजे पहूरचा आठवडे बाजार, फक्त भाषा वेगळी. पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हचे ढीग, खजूर, मसाल्यांची पोती, ओरडणारे विक्रेते. बहुतेक अल्जेरिया, ट्युनिशिया, कोमोरोसहून आलेल्या घरांमधले. एका म्हाताऱ्या मसालेवाल्यानं अप्पांना विचारलं, “इंडिया?” आणि थेट गायलाच लागला! ‘आ गले लग जा’ हा १९७३ चा सिनेमा आठवतो? त्यातलं किशोर कुमारचं एक गाणं अल्जेरियात इतकं गाजलं, की तिथे त्याला ‘जानितू’ म्हणतात. पोराटोरांनाही ठाऊक. मार्सेयच्या बाजारात एक अल्जेरियन आजोबा आणि एक खान्देशी मास्तर, दोघंही बेसूर, दोघंही डोळे मिटून! मी व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर आजवरचा सुपरहिट.

गाणं संपल्यावर अप्पांनी माझ्यामार्फत विचारलं, “किती वर्षं झाली इथे येऊन?”

“एकावन्न.”

“परत जावंसं वाटतं?”

म्हातारा हसला. म्हणाला, “जातो की दर उन्हाळ्यात. तिकडे गेलो की इथली आठवण येते.” मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. अप्पांनी जिऱ्याचा एक चिमटा तळहातावर घेतला, हुंगला आणि काहीच बोलले नाहीत.

दुपारी माझार्गला गेलो. हे तुम्हाला टुरिस्टांच्या यादीत सहसा सापडणार नाही. शहराच्या दक्षिणेला पहिल्या महायुद्धातलं वॉर सिमेट्री आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये लाहोर डिव्हिजन मार्सेयच्या धक्क्यावर उतरली, आणि पुढे युद्धभर हे बंदर हिंदी फौजांचा तळ होतं. त्यातले जे गेले, त्यांची नावं इथे आहेत. काही लढणारे, काही सामान वाहणाऱ्या तुकड्यांतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी आणि फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ इथे आले होते, त्याच दिवशी शहरात भारताच्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटनही झालं. अप्पांनी ते पहूरला टीव्हीवर पाहिलं होतं.

हिरवळ, वारा, शुकशुकाट. अप्पा एकेक नाव वाचत पुढे जात होते. हजेरी घेतल्यासारखे.

“यांना कुणी विचारलं असेल का ताई, जायचं का म्हणून?”

मी म्हटलं, “नसेल विचारलं. किंवा विचारलं असेल आणि घरी पैसे लागत असतील.”

“हं,” अप्पा म्हणाले. “मलाही विचारलं होतं एकदा. ८४ साली. पुण्याला एम. ए. नंतर सरांनी थांब म्हटलं, पुढचं शिक, लेक्चरर होशील. दादांनी पत्र पाठवलं, विहिरीचं काम काढलंय, ये. आलो.” मग लगेच, “वाईट नाही झालं हो. चांगलंच झालं. पण विचार करायला दोन दिवस घ्यायला हवे होते.”

तीस वर्षं मी या माणसाबरोबर राहिले होते. हे मला माहीत नव्हतं.

रविवार. शेवटचा दिवस. अप्पांचा दिवस. आता खरी गोष्ट ऐका. सावरकरांची ‘मोरिया’ बोट जुन्या बंदरात नव्हती. एकोणिसाव्या शतकात मोठ्या आगबोटींसाठी उत्तरेला जोलिएतपासून नवीन गोद्या बांधल्या गेल्या होत्या. विलायत-मुंबई प्रवासातलं हे नेहमीचं ठाणं. गांधीजीसुद्धा गोलमेज परिषदेला जाताना ११ सप्टेंबर १९३१ ला मार्सेयलाच उतरले. ८ जुलै १९१० च्या सकाळी सत्तावीस वर्षांच्या सावरकरांनी शौचकूपाच्या गवाक्षातून अंग बाहेर काढलं, पाण्यात उडी घेतली, धक्का गाठला आणि धावत सुटले. फ्रेंच शिपायानं पकडलं आणि बोटीवर परत दिलं. फ्रान्सच्या भूमीवरून असं परत देता येतं का, यावर हेगच्या लवादापुढे खटला चालला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : इंग्लंडनं त्यांना फ्रान्सकडे सोपवायची गरज नाही.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणावरून आमच्या घरात अप्पा आणि मामा यांची दर दिवाळीला जुंपते. फराळ संपतो, वाद संपत नाही. पण उडीबद्दल दोघांचं एकमत. आणि अप्पांचा एक हट्ट : वर्गात पोरं उत्साहानं सांगायची, “सर, ते तीन दिवस समुद्र पोहत होते!” अप्पा खडूनं फळ्यावर गोदी काढायचे, बोट काढायचे आणि त्या दोघांमधली छोटीशी फट दाखवायचे. “एवढंच पाणी. महासागर नव्हे. अंतर मोजू नका, पहारा मोजा.”

मी तिथे काय बघितलं? जोलिएत मेट्रोतून बाहेर पडलात की समोर ऑफिसांच्या काचेच्या इमारती. गोद्यांच्या बाजूला कुंपण, आत कोर्सिका-अल्जेरियाच्या फेऱ्या करणारी अवाढव्य जहाजं. उडीची पाटी आम्हाला काही सापडली नाही. गोद्या नीट दिसतील अशी जागा कोणती? मॉल! हो, २०१४ मध्ये उघडलेला ‘तेरास द्यू पोर’ नावाचा शॉपिंग मॉल आणि त्याची समुद्राकडची लांबलचक गच्ची. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ज्या माणसानं तेहतीस वर्षं हा धक्का फळ्यावर काढला, त्याला मी कपड्यांच्या सेलमधून वाट काढत तिथे नेत होते.

अप्पांनी मात्र कठड्याला दोन्ही हात टेकले आणि बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

“काय पाही ऱ्हायले अप्पा?” मी घरच्या बोलीत विचारलं.

“अंतर,” ते म्हणाले. “फळ्यावर बरोबर काढत होतो.” आणि थोड्या वेळानं, “पोरं नेहमी विचारायची, सर, पुढे काय झालं? पकडले गेले म्हटलं की चेहरे पडायचे. मग मी म्हणायचो, धडा संपला, घंटा झाली. खरं तर काय सांगावं ते मला सुचायचं नाही.”

मी तेव्हाच बोलणार होते. घशापर्यंत आलं होतं. पण मागून कुणाच्या तरी आइस्क्रीमसाठी रडणाऱ्या पोरानं मूड घालवला.

जोलिएतहून पस्तीस नंबरची बस लेस्ताकला जाते. सेझान आणि ब्राक यांनी ज्याची चित्रं काढली, तेच हे कोळ्यांचं गाव. आता मार्सेयचाच भाग. इथे रस्त्यावरच्या टपऱ्यांवर मिळतात ‘पानिस’. मार्सेय म्हटलं की सगळे बुयाबेस नावाच्या मासळीच्या रश्श्याचं नाव काढतात, पण शाकाहारी अप्पांचं दोन दिवस ब्रेड आणि सॅलडवर चाललं होतं. पानिस म्हणजे काय? चण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापायचं, गार झालं की चकत्या कापून तळायच्या. कागदी पुड्यात मीठ-मिरी भुरभुरवून गरमागरम! अप्पांनी एक तोंडात टाकली. डोळे मोठे.

“अगं, ह्या तर आपल्या पाटवड्या! फक्त तळल्यात!”

तीन पुडे संपले. समोर समुद्र, वारा पडलेला, पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या टाकत होती. आणि मी बोलले. काँट्रॅक्टचं, सोमवारचं, सगळं. एका दमात. भाऊ काय म्हणेल, आई काय म्हणेल, नवसाचं काय, हेही.

अप्पांनी हात रुमालाला पुसले. “मला विचारतेस, का सांगतेस?”

हा प्रश्न मी स्वतःला अडीच महिन्यांत विचारला नव्हता. “सांगतेय,” मी म्हटलं. आवाज कापला.

“मग रडत काय सांगतेस? नीट सांग.”

मी पुन्हा सांगितलं. नीट. पगार, सुट्ट्या, वर्षातून दोनदा घरी येणं. ते मास्तरांसारखं ऐकत होते, मध्ये मध्ये शंका. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांनी तो झाल्याचं दाखवलंही नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. शेवटी म्हणाले, “तुझ्या आईला मी नाही सांगणार. तूच सांग. आणि ते फ्रिजवरचं पाकीट मी परत नेतो. उघडलं नाहीस ना? बरं केलंस. उंची कमी आहे त्याची.”

मी हसता हसता रडले. अप्पा पाण्याकडे बघत होते. “आपली वाघूर तापीला मिळते, तापी सुरतेकडे समुद्राला,” ते म्हणाले. “भूगोलाचा तास माझा नव्हता, पण एवढं येतं मला.”

सोमवारी मी सही केली. आईला फोन केला तेव्हा ती अकरा मिनिटं गप्प होती. (मीही मोजायला शिकलेय.) ऑगस्टमध्ये भाच्याचं बारसं झालं, ते मी मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलं आणि नेमकं नाव ठेवताना नेट गेलं. त्या रात्री मी आईच्याच कळण्याच्या पिठाची भाकरी केली. करपली. उडीचा हिशोब असा चुकता होतो, हप्त्याहप्त्यानं. आईनं नवसाचा प्रश्नही सोडवलाय : देवीला म्हणे तिनं ‘परत आली की’ एवढंच सांगितलं होतं, ‘कायमची’ असं कुठे म्हटलं होतं? दिवाळीत मी घरी आले, आम्ही दोघी वणीला गेलो. पायी नाही, एसटीनं. गुडघ्यांनाही काही म्हणणं असतं.

अप्पा रिटायर झालेत, पण अधूनमधून शाळेत बोलावतात. भाऊ सांगत होता, हल्ली फळ्यावर गोदी काढून झाली की ते बाजूला टपरीही काढतात. आणि पोरांनी ‘पुढे काय झालं?’ विचारलं, की घंटेची वाट बघत नाहीत.

जाणार असाल तर…

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं कालांक या कड्या-खाड्यांच्या भागातल्या वाटा बंद होऊ शकतात, आणि सुजिटाँच्या खाडीला गर्दीच्या दिवसांत आधी बुकिंग लागतं. म्युसेम हे २०१३ चं संग्रहालय पाहाच. त्याच्या गच्चीवर आणि शेजारच्या सेंट जॉन किल्ल्यात फिरायला पैसे पडत नाहीत. वारा असेल त्या दिवशी बेटाचा हट्ट नको. नावेच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची ‘नाव्हेत’ बिस्किटं घरी न्या, टिकतात. आणि जमलं, तर बरोबर कुणाला तरी न्या, ज्यांनी हे शहर फक्त पुस्तकात पाहिलंय. लिस्ट त्यांना करू द्या.